रिदम हाऊस : डहाणू-तलासरीच्या श्रोत्यांनी सांगितलेला इतिहास

स्मरणिकेसाठी आपल्या श्रवण मंडळाचा इतिहास लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी कागदपत्रं शोधायला कपाट उघडलं. कागद थोडेच निघाले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओटीवर जमून रेकॉर्ड ऐकणाऱ्या दहा-पंधरा माणसांनी इतिवृत्तं कशाला लिहावीत? तबकड्या मात्र भरपूर निघाल्या. उभ्या रचलेल्या, कव्हरांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. एकेक हातात घेताना लक्षात आलं की यातल्या निम्म्याहून अधिक एकाच दुकानातून आलेल्या आहेत. ते दुकान डहाणूत नव्हतं, तलासरीतही नव्हतं. डहाणू रोड स्टेशनपासून चर्चगेट १२४ किलोमीटर, आणि तिथून पुढे पायी काळा घोडा. तिथल्या रिदम हाऊसने आमचे कान घडवले. म्हणून आमच्या मंडळाच्या इतिहासाआधी त्या दुकानाचा इतिहास लिहिणं मला योग्य वाटतं.

रिदम हाऊस सुरू झालं १९४८च्या सुमारास. सुलेमान नेन्सी यांनी ते सुरू केलं आणि पुढे करमली कुटुंबाने ते सांभाळलं. अखेरच्या काळात मेहमूद करमली दुकानाचा कारभार पाहत होते. पत्ता के. दुभाष मार्ग, जुन्या माणसांच्या तोंडी रॅम्पार्ट रो. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, पण ती १९५२ची. म्हणजे दुकान तिच्याहूनही जुनं. जवळच डेव्हिड ससून ग्रंथालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज. त्याच ओळीत वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली. पाहण्या-ऐकण्याच्या कितीतरी नव्या गोष्टी या एवढ्याशा टापूतून आपल्या मुलखात आल्या.

१९४८ हे साल ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही मोठं आहे. त्याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी जगापुढे ठेवली. तोवरची तबकडी ७८ फेऱ्यांची, दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं चालणारी. आपल्याकडे तिची सुरुवात १९०२ साली कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आले आणि गौहर जान त्या यंत्राच्या कर्ण्यात गायल्या. गाणं संपता संपता त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. या तीन मिनिटांच्या चौकटीत आपल्या गवयांनी राग बसवला. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांच्या त्या काळच्या तबकड्या ऐकल्या की थोडक्यात सगळं सांगण्याची ती कला किती कठीण होती हे उमगतं.

आमच्या भागातल्या माणसाला यात एक गोष्ट चटकन जाणवते. ७८च्या तबकड्या लाखेपासून बनत. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याची. ती मुख्यतः छोटा नागपूर आणि बंगालच्या बाजूने जगभर जाई. डहाणू-तलासरीच्या रानातही फाल्गुनात पळस फुलतो. ज्या झाडाच्या पानांच्या पत्रावळी लावून आम्ही जेवलो, त्याच जातीच्या झाडावरच्या किड्याने बालगंधर्वांचा आवाज धरून ठेवला, हे मला कळलं त्या दिवसापासून जुनी तबकडी हातात घेताना मी आधी तिचा वास घेतो.

लाँगप्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. विलंबित ख्यालाला बसायला जागा झाली. किशोरीताई आमोणकरांच्या एका लाँगप्लेवर भूप आणि बागेश्री आहेत. आमच्या मंडळाची ती पहिली तबकडी. ती मी रिदम हाऊसमधून आणली.

तो दिवस सविस्तर सांगतो, कारण दुकानाची रीत कळायला तो उपयोगी पडेल. सत्तरचं दशक होतं. मी तलासरीला शिक्षक होतो. तलासरी म्हटलं की महाराष्ट्राला १९४५चा वारल्यांचा लढा आणि गोदूताई परुळेकर आठवतात. आठवायलाच हव्यात. पण तिथून मुंबईला गाणं ऐकायला जाणं म्हणजे काय होतं, हे थोड्यांना ठाऊक असेल. पहाटेची एसटी पकडून डहाणू रोड, तिथून विरार शटल, विरारला लोकल. डहाणू-चर्चगेट अशी थेट लोकल १६ एप्रिल २०१३ला सुरू झाली. आमच्या उमेदीच्या काळात ती नव्हती. शटलमध्ये दूधवाले, भाजीवाल्या, चिकूच्या करंड्या. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडायचं, राजाबाई टॉवर मागे टाकायचा आणि काळ्या घोड्यापाशी यायचं. घोडा तेव्हा तिथे नव्हता. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला होता. जागेचं नाव मात्र तेच राहिलं.

दारातून आत शिरताना मला भीती वाटत होती. ती पैशांची नव्हती, पगार झालेला होता. आपण काय मागायचं आणि कोणत्या शब्दांत मागायचं, याची ती भीती होती. पायांत धुळीच्या चपला, हातात कापडी पिशवी. बाजूला दोघंतिघं इंग्रजी बोलत जाझच्या तबकड्या चाळत होते. मी काउंटरवर किशोरीताईंचं नाव घेतलं. पलीकडच्या गृहस्थांनी कपाटातून एक तबकडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि आधी ऐकून घ्या असं सुचवलं. त्यांनी दाखवलेल्या काचेच्या बूथमध्ये मी जाऊन उभा राहिलो.

ऐकण्याचे हे बूथ ही रिदम हाऊसची मोठी ओळख होती. तबकडी काउंटरमागे लागे आणि गिऱ्हाईक बंद खोपटात उभं राहून ती ऐके. पटली तर घ्यायची, नाही पटली तर परत द्यायची. परत दिली म्हणून कुणी तोंड वाकडं केलेलं मी तिथे पाहिलं नाही. बाहेर मुंबईचा गलबला, काचेपलीकडे दुसऱ्या बूथमध्ये कुणी डोळे मिटून मान हलवत असलेलं, आणि माझ्या कानात बागेश्री. तोवर मी शास्त्रीय गाणं रेडिओवर ऐकलं होतं, तेही शेजाऱ्याकडे. एकट्याने, कुणी मध्ये न बोलता, सुराच्या इतक्या जवळ जाऊन मी तोवर काही ऐकलंच नव्हतं. किती वेळ झाला ते कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा त्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, की यंत्र कोणतं आहे? मी म्हटलं, अजून नाही. हे ऐकून ते हसले नाहीत. तबकडी उभी ठेवा, आडवी रचू नका, सुई वेळेवर बदला, असं त्यांनी शिक्षकाने सांगावं तसं सांगितलं.

ती तबकडी मी घरी आणली आणि चार महिने ती वाजली नाही. मग डहाणूच्या एका बागायतदारांकडे सेलवर चालणारा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे असं समजलं. वाडीतल्या त्यांच्या ओटीवर आम्ही पाच जण जमलो. आपलं मंडळ सुरू झालं ते त्या संध्याकाळी. दुसऱ्या खेपेला आणलेली लाँगप्ले मात्र माझ्या हातून गेली. एसटीत खिडकीशी उन्हात ठेवली आणि तलासरीला पोहोचेपर्यंत ती पापडासारखी वाकली होती. त्यानंतर आमच्यातलं कुणीही मुंबईहून तबकडी आणताना ती दोन धोतरांच्या किंवा साड्यांच्या घडीत, उभी, मांडीवर धरून आणत असे. आज कपाटात असलेली प्रत्येक तबकडी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवरून आलेली आहे.

दुकानाच्या इतिहासाकडे परत येतो. रिदम हाऊसने काळाप्रमाणे माल बदलला. लाखेच्या तबकड्यांनंतर व्हिनाइल, फिलिप्सने १९६३मध्ये आणलेली कॅसेट, १९८२नंतर कॉम्पॅक्ट डिस्क, पुढे चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी. हिंदुस्थानी, कर्नाटकी, गझल, मराठी नाट्यसंगीत, पाश्चात्त्य अभिजात संगीत, रॉक, जाझ, हे सगळं एका छताखाली मिळे. १९७८मध्ये मुंबईत ‘जाझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. अशा मैफलींची, नाटकांची तिकिटं आणि प्रवेशिका काउंटरवर मिळत, त्यामुळे शहरात येत्या पंधरवड्यात काय वाजणार आहे हे वर्तमानपत्राआधी तिथे कळे. आमच्यातले जे मुंबईला जात ते तबकड्यांबरोबर ही बातमीही घेऊन येत.

दुकान कोणत्या साखळीचं नव्हतं. नव्वदच्या दशकात आणि पुढे म्युझिक वर्ल्ड, प्लॅनेट एम अशा मोठ्या दालनांचा काळ आला. रिदम हाऊस एका कुटुंबाचं, एका जागेचं राहिलं. काय मागवायचं ते गल्ल्यामागची माणसंच ठरवत, आणि ही माणसं ऐकणारी होती. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलुरकर म्युझिक हाऊस याच जातीचं. तिथे दुकानदार स्वतःच ध्वनिमुद्रणं काढणारा निर्माता झाला, पु. ल. देशपांड्यांच्या कथनाच्या कॅसेट घराघरांत गेल्या. वेल्समधल्या कार्डिफला स्पिलर्स नावाचं दुकान १८९४पासून चालू आहे. मला अशी सगळी दुकानं वाचनालयाच्या नात्याची वाटतात. वाचनालयात पुस्तक चाळून खाली ठेवायला मुभा असते, तशी इथे गाण्याला असते. आमच्यासारख्या आडगावच्या माणसाला ही मुभा फार मोलाची होती. घरी शिकवणारं कुणी नाही, गावात मैफल नाही. नाव ठाऊक नसलेला गवई तबकडी विकत न घेता ऐकता येणं, एवढ्या एका सोयीने आमच्या मंडळाला कुमार गंधर्व भेटले, बिस्मिल्ला खाँ भेटले, आणि बाख नावाचा जर्मन माणूसही भेटला.

दुकानाच्या शेजारचं वेसाइड इन उपाहारगृह मराठी वाचकाला अरुण कोलटकरांमुळे माहीत आहे. खिडकीशी बसून त्यांनी वर्षानुवर्षं तो चौक पाहिला आणि त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह आला, २००४ साली. कोलटकर स्वतः पखवाज शिकलेले. त्या चौकात चित्र, कविता आणि गाणं एकमेकांपासून पन्नास पावलांवर राहत होती. जहांगीरमध्ये एखाद्या वेळी वारली चित्रं लागलेली असत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकातली रेषा भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मधोमध तारपकरी असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा वेटोळा. मला तो वेटोळा तबकडीवरच्या खोबणीसारखा दिसतो. बाहेरून आत फिरत जाणारी एकच रेघ, आणि मध्यावर वाजवणारा.

तारप्याबद्दल इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर हा इतिहास डहाणू-तलासरीचा राहणार नाही. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत घेत, मध्ये खंड न पाडता तो वाजवायचा. भात कापणीच्या दिवसांत रात्र रात्र वाजतो. नाचणाऱ्यांनी तारपकऱ्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज आहे. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्यांनी आयुष्यभर हे वाद्य वाजवलं आणि स्वतःच्या हातांनी बनवलं. घांगळी हे तंतुवाद्य वाजवत भगत कणसरी या धान्यदेवतेची कथा गातो, लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाते. या गाण्याला तिकीट नाही, किंमत नाही, ए बाजू-बी बाजू नाही. ते विकत आणता येत नाही आणि दुकानात परतही देता येत नाही. ज्या पाड्यावर ते होतं, तिथे जाऊन बसावं लागतं.

मी बरीच वर्षं या दोन गोष्टी वेगळ्या मानत आलो. शिक्षक म्हणून ज्या पाड्यांवर जायचो तिथला तारपा माझ्या लेखी मुलांच्या घरचा आवाज होता, आणि संगीत म्हणजे मुंबईहून मांडीवर धरून आणलेलं. चूक माझीच होती. ती सुधारली त्या काचेच्या बूथमुळे. एका खेपेला तिथे बिस्मिल्ला खाँची सनई ऐकत होतो. एक स्वर लांब धरलेला, खालून सुराचा अखंड आधार, आणि श्वास कुठे घेतला ते कळत नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकदम भोपळ्याला गाल लावलेला तारपकरी उभा राहिला. त्या दिवशी परतीच्या शटलमध्ये मी ठरवलं की मंडळाच्या पुढच्या बैठकीला तबकडी लावायची नाही. आम्ही सगळे एका पाड्यावर गेलो आणि पहाटेपर्यंत बसलो. ऐकायला कसं बसायचं ते दुकानाने शिकवलं होतं. ते आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या तालुक्यात वापरलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुःखाचं आहे आणि वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. कॅसेट-सीडीच्या चोरट्या प्रती, मग इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेली गाणी, मग मोबाइल. गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि २०१६च्या फेब्रुवारीअखेर रिदम हाऊस बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि आमच्या तलासरीच्या पाड्यांवरही फोनमध्ये गाणी वाजू लागली. समोरच्या जहांगीरमधलं समोवार उपाहारगृह आधीच, मार्च २०१५मध्ये, बंद झालं होतं. दुकानाची जागा २०१७मध्ये नीरव मोदी यांच्या हिरे कंपनीने विकत घेतली. पुढच्या वर्षी बँक घोटाळ्याच्या तपासात सक्तवसुली संचालनालयाने जागेवर टाच आणली. तेव्हा आनंद महिंद्रा यांनी समाजमाध्यमावर सुचवलं होतं की मुंबईकरांनी मिळून ती जागा घ्यावी आणि नव्या कलावंतांसाठी मंच करावा. तसं झालं नाही. शेवटी ४७ कोटी ८४ लाख रुपयांना भाने या वस्त्रोद्योगातल्या समूहाने ती घेतल्याची बातमी वाचली. २०१७मध्ये चौकात नवा काळा घोडा उभा राहिला, स्वाराविना. आम्ही दुकानात जात होतो तेव्हा घोडा नव्हता. घोडा आला तेव्हा दुकान नव्हतं.

दुकानाच्या शेवटच्या महिन्यात आमच्यातले तिघं डहाणू लोकलने गेलो होतो. कपाटं रिकामी होत चालली होती. गर्दी इतकी की आत उभं राहायला जागा नव्हती. कितीतरी माणसं काही न घेता फक्त उभी होती. मी एक तबकडी घेतली आणि ती ऐकून बघण्याचा हट्ट धरला नाही.

तबकडीचे दिवस पुन्हा आले आहेत असं तरुण मंडळी सांगतात, आणि ते खरंही आहे. अमेरिकेत २००८पासून दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा दिवस साजरा होतो. २०२२मध्ये तिथे सीडींपेक्षा जास्त तबकड्या विकल्या गेल्या. माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब नावाचं दुकान आहे, तिथे तबकड्या आणि यंत्रं दोन्ही मिळतात. आपल्या मंडळातल्या एका मुलीने मागच्या वर्षी तिथून एक यंत्र आणलं. मुंबईतच १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखेच्या तबकड्या, त्यांच्या याद्या आणि माहिती जपून ठेवली, अंक काढले. जुन्या गाण्याचा शोध घेणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे. आपल्याकडच्या ७८च्या तबकड्यांची यादी करायची राहिली आहे. ती या स्मरणिकेनंतर हाती घ्यावी, असं मी कार्यकारिणीला लेखी कळवलं आहे.

कपाटाच्या खालच्या खणात, रिदम हाऊसच्या एका जुन्या पिशवीत, तबकड्यांबरोबर एक कॅसेटही आहे. साठ मिनिटांची. पाड्यावरच्या त्या रात्रीनंतर पुढच्या साली आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा गेलो होतो, त्या वेळची. तारपा सुरू झाला तेव्हा बटण दाबलं. अर्ध्या तासाने एक बाजू संपली. वाजवणारे बाबा थांबले नाहीत, त्यांना थांबवावं असं आमच्यातल्या कुणाला वाटलंही नाही. कंदिलाच्या उजेडात चाचपडत कॅसेट उलटवली. तेवढ्या वेळचं वाजवणं टेपवर नाही. बी बाजू सुरू होते तेव्हा नाच पलीकडच्या दिशेने फिरू लागलेला असतो, पायांचा आवाज बदललेला असतो, आणि मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, लागली का रे?